हक्सलेंचा चष्मा

मैत्रिणींनो, सुईत दोरा ओवताना हात लांब लांब जायला लागला की समजायचं, चाळिशी आली. माझी आली तेव्हा दोन वर्षं मी ती मान्यच केली नाही. तांदूळ निवडायला अंगणात जायचं, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर मुलाकडून वाचून घ्यायचं, लाइट बिल हातभर लांब धरायचं, असे सगळे उद्योग केले. त्याच दिवसांत वाचनालयात एक पातळशी पुस्तिका हाती लागली. डोळ्यांचे सोपे व्यायाम करा आणि चष्मा कायमचा घालवा, असं तिचं सांगणं. पुरावा म्हणून तिच्यात एक नाव होतं, ऑल्डस हक्सले. हा जगप्रसिद्ध लेखक जवळजवळ आंधळा होता, या व्यायामांनी त्याने चष्मा भिरकावून दिला, असं छापलेलं.

बी.ए.ला इंग्रजी साहित्य होतं, म्हणून हक्सले हे नाव माझ्या ओळखीचं. एवढा विद्वान माणूस खोटं कशाला सांगेल? मी व्यायाम सुरू केले. संध्याकाळी तळहात डोळ्यांवर ठेवून बसलं की खरंच बरं वाटायचं. मग काय, महिला मंडळात अर्धा तास भाषणच ठोकलं. बायकांना आवडलं. त्यांच्यात चौथीतल्या एका मुलीची आई होती. मुलीला नुकताच चष्मा लागला होता, आणि चष्मेवाल्या मुलीचं पुढे लग्न कसं जमायचं, ही काळजी तिला आत्तापासून लागलेली. तिने घरी जाऊन मुलीचा चष्मा काढून कपाटात ठेवला आणि व्यायाम सुरू केले. सहा महिन्यांनी शाळेतून निरोप आला की मुलगी फळ्यावरची गणितं चुकीची उतरवते, अभ्यासात मागे पडली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं तर नंबर वाढलेला. आईला बोलणी बसली. ती मला काही बोलली नाही. नुसती पुस्तिका परत आणून दिली.

त्यानंतर मी हक्सलेंचं चरित्र शोधून शोधून वाचलं. खरं काय घडलं होतं, ते मला बघायचंच होतं.

ऑल्डस हक्सले यांचा जन्म २६ जुलै १८९४ चा, इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या गोडाल्मिंगचा. घराणं मोठं बुद्धिमान. आजोबा टी. एच. हक्सले हे नावाजलेले शास्त्रज्ञ, डार्विनच्या उत्क्रांतिवादाचे खंदे पाठीराखे. आई ज्युलिया तर आपल्या पानावर मुद्दाम सांगावी अशी. तिने १९०२ मध्ये मुलींसाठी शाळा काढली, प्रायर्स फील्ड नावाची. पण १९०८ मध्ये कर्करोगाने ती गेली. ऑल्डस तेव्हा चौदा वर्षांचा, ईटनच्या निवासी शाळेत. आई गेली आणि घर मोडल्यासारखंच झालं.

आणि १९११ मध्ये डोळे आले. आपल्याकडे डोळे येतात आणि चार दिवसांत जातात, तसे हे नव्हते. केरॅटायटिस म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा दाह. काही दिवसांत मुलाला दिसेनासं झालं. दाह ओसरला, पण पडद्यावर डाग राहिले. आपल्या गावाकडच्या भाषेत, डोळ्यात फूल पडलं. वय सोळा. त्याला डॉक्टर व्हायचं होतं. सूक्ष्मदर्शकात बघितल्याशिवाय डॉक्टर होता येत नाही, तेव्हा तो विषय तिथेच संपला.

(इथे जरा थांबून एक सांगते. आमच्या नेत्र शिबिरात असं फूल पडलेले डोळे दरवर्षी येतात. कापणीच्या वेळी पातं लागलेलं असतं, नाहीतर काडी, नाहीतर कुसळ. मग घरात कुणी दूध घालतं, कुणी मध, कुणी दुकानातून सरळ थेंबांची बाटली आणतं. बुबुळाला जखम झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आठवडा गेला की डाग राहतो, आणि तो कुठल्याही व्यायामाने पुसला जात नाही.)

दीड वर्ष ऑल्डस जवळजवळ अंधारात होता. चालायला कुणाचा तरी हात लागायचा. या काळात त्याने जे केलं ते वाचून मी थक्क झाले. तो ब्रेल शिकला. त्यातही त्याला गंमत सापडली. थंडीत हात पांघरुणाबाहेर न काढता वाचता येतं, हा ब्रेलचा केवढा फायदा, असं तो म्हणायचा. पियानोचे धडेही ब्रेलवरूनच घेतले. टाइपरायटरवर बोटं बसवली आणि एक अख्खी कादंबरी टाइप करून काढली. स्वतः लिहिलेली ती कादंबरी त्याला वाचता आली नाही, कारण डोळे वाचण्याजोगे होईपर्यंत कागद हरवून गेले होते.

दीड वर्षाने थोडी नजर परत आली. थोडी म्हणजे किती? एका डोळ्याला फक्त उजेड कळायचा. दुसऱ्या, बऱ्या डोळ्याची गत अशी, की चांगल्या नजरेच्या माणसाला जे अक्षर दोनशे फुटांवरून दिसावं, ते त्याला दहा फुटांवरून कसंबसं दिसायचं. एवढ्या भांडवलावर हा मुलगा ऑक्सफर्डला गेला आणि १९१६ मध्ये इंग्रजी साहित्यात पहिल्या वर्गात पदवीधर झाला. पुस्तक नाकाला टेकवून, हातात जाड भिंग घेऊन. त्यातच १९१४ मध्ये त्याचा लाडका भाऊ ट्रेव्ह याने आत्महत्या केली होती. महायुद्ध पेटलं, सोबतची मुलं सैन्यात भरती झाली. हा गेला तर डोळ्यांमुळे परत पाठवला. पुढे काही काळ ईटनलाच मास्तरकी केली. सहा फूट चार इंच उंचीचा, पुढे वाकून बघणारा मास्तर. त्याला मागच्या बाकावरचं दिसत नाही हे पोरांना लगेच कळलं, आणि वर्गात धुडगूस सुरू झाला. हक्सले सरांची ही चेष्टा न आवडणारा एक विद्यार्थी तिथे होता, तो पुढे जॉर्ज ऑर्वेल या नावाने लेखक झाला.

आता मारियाबद्दल सांगते. पुस्तिकेत तिचं नावसुद्धा नव्हतं.

मारिया नीस बेल्जियमची. १९१४ मध्ये जर्मन सैन्य घुसलं तेव्हा आईबहिणींबरोबर निर्वासित होऊन इंग्लंडला आलेली सोळा वर्षांची मुलगी. ऑक्सफर्डजवळच्या एका श्रीमंत बाईंच्या घरी दोघांची ओळख झाली आणि १९१९ मध्ये बेल्जियममध्ये लग्न. पुढच्या वर्षी मुलगा झाला, मॅथ्यू. लग्नानंतरची पस्तीस वर्षं मारिया नवऱ्याचे डोळे होती. हे मी उगाच काव्यात्म बोलत नाही. त्यांची हस्तलिखितं टाइप करायची तिने. गाडी चालवायची तिने, आणि ती झकास चालवायची. संध्याकाळी तासन्‌तास मोठ्याने वाचून दाखवायचं तेही तिनेच, म्हणजे हक्सलेंच्या डोळ्यांना आराम मिळेल. शास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, काय काय वाचलं असेल तिने! त्यातली कितीतरी पुस्तकं तिच्या आवडीची नसणार. वाटेत पायरी आहे, समोरून अमका येतोय, हे हळूच सांगायचंही काम तिचंच. घरात अशी बाई असली की माणसाला किती कमी दिसतं हे बाहेरच्यांना कळतच नाही.

१९२५ मध्ये ही दोघं जहाजाने मुंबईत उतरली, सरोजिनी नायडूंना भेटली, पुढे उत्तर हिंदुस्थान फिरली. त्या प्रवासावर हक्सलेंनी पुस्तक लिहिलं. कादंबऱ्या तर एकामागून एक येतच होत्या. सर्वांत गाजली ती १९३२ सालची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’, जिच्यात माणसं बाटल्यांमध्ये जन्माला घालतात. तीवर बोलायला वेगळं पान लागेल, म्हणून पुढे जाते.

१९३७ मध्ये हक्सले कुटुंब अमेरिकेला गेलं आणि लवकरच कॅलिफोर्नियात स्थिरावलं. वय त्रेचाळीस. म्हणजे बघा, आपली चाळिशी त्यांनाही चुकली नाही! आधीच अधू डोळे, त्यात हे. वाचायला बसायचं तर बऱ्या डोळ्यात अॅट्रोपीनचे थेंब घालून बाहुली मोठी करायची, म्हणजे बुबुळाच्या मध्यावरच्या डागाच्या कडेने बघता येईल. वर जाड चष्मा. थोडं वाचलं की डोळे ठणकायचे, सगळं अंग थकून जायचं. १९३९ मध्ये तर वाचणं दिवसेंदिवस अवघड होत गेलं. ज्याचं पोटच वाचण्यालिहिण्यावर, त्याला किती धास्ती वाटली असेल!

अशा वेळी त्यांना मार्गारेट कॉर्बेट भेटल्या. या बाई न्यूयॉर्कच्या डॉ. विल्यम बेट्स यांची पद्धत शिकवत. बेट्स १९३१ मध्येच वारले होते. ते स्वतः शिकलेले डोळ्यांचे डॉक्टर, पण १९२० मध्ये पुस्तक काढून त्यांनी मांडलं की नजर अधू होते ती ताणामुळे, ताण गेला की चष्मा जाईल. त्यांचं सगळं म्हणणं एका समजुतीवर उभं होतं. जवळचं-लांबचं बघताना डोळ्याच्या आतलं भिंग बदलत नाही, बाहेरचे स्नायू डोळा दाबून लांबट किंवा आखूड करतात, असं ते म्हणत. हे चूक आहे. भिंगच बदलतं. वयोमानाने ते ताठर होतं, म्हणून तर आपल्याला चाळिशी लागते.

पण हक्सलेंना गुण आला! हे मी झाकून ठेवणार नाही. कॉर्बेटबाईंकडे ते नियमाने जाऊ लागले. तळहातांनी डोळे झाकून बसायचं. पायांत अंतर घेऊन उभं राहायचं आणि सावकाश डावीउजवीकडे झुलायचं, म्हणजे नजर एका जागी रोखली जात नाही. पापण्या हलक्याने पण वरचेवर मिटायच्या. पानावर डोळे वटारून बसायचं नाही, नजर अक्षरावरून अक्षरावर सरकती ठेवायची. दोनेक महिन्यांत आपण चष्म्याशिवाय, आणि मुख्य म्हणजे न थकता वाचू लागलो, असं त्यांनी लिहून ठेवलंय. पंचवीस वर्षं तसाच असलेला बुबुळाचा डागही विरळ होऊ लागल्याचं त्यांनी म्हटलं. त्या उपकाराची फेड म्हणून १९४२ मध्ये त्यांनी ‘द आर्ट ऑफ सीइंग’ हे पुस्तक लिहिलं. बघण्याची कला. ते हातोहात गेलं, आणि डॉक्टरांनी त्यावर कडक टीका केली.

मी दोन्ही बाजू वाचल्या. मला काय वाटतं ते सांगते, मी काही डॉक्टर नाही. हक्सले खोटं बोलले नाहीत. त्यांचा त्रास दुपदरी होता. एक डाग आणि नंबर, दुसरा ताण. अठ्ठावीस वर्षं ते डोळे ओढून, श्वास रोखून, मान आखडून वाचत होते. ताण उतरल्यावर त्यांना केवढं हलकं वाटलं असेल, आणि आहे ती नजर नीट वापरायला ते शिकले असतील. बुबुळावरचे डाग कधी कधी काळाने थोडे विरळ होतातही. पण डोळा काही नवा झाला नव्हता.

त्याचा पुरावा १९५२ चा आहे. हॉलिवूडमधल्या एका मेजवानीत हक्सले भाषणाला उभे राहिले. डोळ्यांवर चष्मा नाही, हातात कागद, आणि घडाघडा वाचताहेत. लोक चकित. मग मध्येच अडखळले. कागद डोळ्यांजवळ आणला, आणखी जवळ आणला, अगदी नाकाशी नेला. अक्षर लागेना. शेवटी खिशात हात घालून चाचपत भिंग बाहेर काढावं लागलं. तेव्हा लोकांना कळलं, कागद नुसता हातात होता, भाषण पाठ केलेलं होतं. हजर असलेल्या बेनेट सर्फ या प्रकाशकाने हा प्रसंग लिहून ठेवलाय, आणि तो बघताना आपल्याला यातना झाल्याचंही सांगितलंय. मीही तो वाचून पुस्तक मिटून बसले. माझ्या मंडळातलं भाषण आठवलं. लोकांसमोर एकदा एक गोष्ट छातीठोक सांगून बसलं की मग भिंग बाहेर काढणं फार जड जातं.

त्याच वर्षी मारियाची कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली होती. तरी घर, टायपिंग, गाडी, वाचून दाखवणं चालूच. १२ फेब्रुवारी १९५५ ला ती गेली. हक्सले शेवटपर्यंत तिच्याजवळ बसून हलक्या आवाजात तिच्याशी बोलत होते. वाळवंटातला जो लख्ख उजेड तिला फार आवडायचा, त्याची आठवण देत होते. पस्तीस वर्षं जिने त्यांना वाचून दाखवलं, तिला शेवटी उजेडाबद्दल सांगणारे ते होते.

पुढच्या वर्षी लॉरा आर्चेरा या इटालियन व्हायोलिनवादक बाईंशी त्यांचं लग्न झालं. १९६१ च्या मे महिन्यात डोंगरावरच्या वणव्यात त्यांचं घर जळालं. जन्मभराची पुस्तकं, टिपणं, मारियाची पत्रं, सगळं गेलं. नव्या कादंबरीचं हस्तलिखित तेवढं वाचलं. २२ नोव्हेंबर १९६३ ला ते वारले. त्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली, आणि हक्सले गेल्याची बातमी वर्तमानपत्रांत कुठल्या कुठे लपली.

आता व्यायामांचं. मी ते सोडले नाहीत, पण चष्मा घालवण्यासाठी करत नाही. शिवणकाम, निवडटिपण, मोबाइल, हिशेबाच्या वह्या, मुलांचा अभ्यास, यांनी डोळे शिणतात ते खरंच आहे. एकटक बघताना पापणी मिटायची आपण विसरतो, म्हणून डोळा कोरडा पडतो, चुरचुरतो. तेव्हा दर वीस मिनिटांनी मान वर करा आणि वीसेक फूट लांबचं काहीतरी, समोरच्या घराचं कौल म्हणा, झाडाचा शेंडा म्हणा, वीस सेकंद बघा. जवळच्या बघण्याने आवळलेला आतला स्नायू तेवढ्यात सैल होतो. पापण्या दहा-बारा वेळा पूर्ण मिटून उघडा, अर्धवट नको. दुपारचं आवरलं की टेबलावर नाहीतर गुडघ्यांवर कोपरं टेकायची, हात स्वच्छ धुवून तळव्यांची वाटी करायची आणि डोळ्यांवर ठेवायची. बुबुळावर दाब येता कामा नये. खांदे सैल. चार-पाच मिनिटं. आमच्या गटातल्या शिलाई करणाऱ्या बायका चहाच्या आधी हे करतात. एकीला रोज तिथेच डुलकी लागते, तीही आरामच म्हणायची!

पुस्तिकेतला एक व्यायाम मात्र मी कुणालाच सांगत नाही. बेट्स उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे बघायला सांगत. त्याने डोळ्यामागचा पडदा भाजतो आणि तो भाजला की कायमचा. कुणी कितीही पवित्र नाव देऊन सांगितलं तरी नाही.

आणि लहान मुलांचा चष्मा काढायचा नाही. सात-आठ वर्षांपर्यंत डोळ्याला नीट दिसलंच नाही तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो, मग पुढे चष्मा देऊनही त्याला नीट दिसत नाही. मुलांना रोज बाहेर उजेडात खेळायला सोडा. मैदानावर जास्त वेळ असणाऱ्या मुलांना लांबचा चष्मा कमी लागतो, असं अभ्यासांत दिसलंय. आणि चाळिशीनंतर आपणही वर्षा-दोन वर्षांनी डोळे तपासून घ्यावेत. नंबरासाठीच नाही, काचबिंदूसाठीही, कारण तो सुरुवातीला दुखत नाही की खुपत नाही. मधुमेह असेल तर दरवर्षी.

त्या मुलीच्या आईकडे मी गेले होते. चूक माझी होती, ती तिच्या सासूसमोर सांगितली, कारण बोलणी तिला सासूकडूनच जास्त बसली होती. सासूबाई ऐकून घेत होत्या. मग त्यांनी माझ्या नाकावरच्या नव्या चाळिशीकडे बघितलं, कितीला पडली ते विचारलं, आणि पुढच्या शिबिरात आपलं नाव लिहायला सांगितलं. मुलगी ओट्यावर बसून गृहपाठ करत होती. निळ्या काड्यांचा चष्मा, पडू नये म्हणून मागून आईने इलॅस्टिक शिवलेलं.